अण्णांचं विमान

हिंजवडीच्या पलीकडे जमिनीचा भाव गुंठ्यावर आला, तेव्हा अण्णांकडे चार एकर माळ होता. एकराचे चाळीस गुंठे हे गणित त्यांना शाळेत कधी जमलं नव्हतं. त्या वर्षी तोंडपाठ झालं. मग पांढरी फॉर्च्युनर आली, गळ्यात म्हशीच्या दाव्याएवढी साखळी आली आणि दारात तीन जेसीबी आले. तेव्हापासून जगातली कुठलीही गोष्ट अण्णा जेसीबीवरून समजून घेतात.

माझं तिकीट बुकिंगचं दुकान त्यांच्याच गाळ्यात आहे. एका सकाळी आले आणि माझ्याच खुर्चीत बसले.

"भाऊ, दुबईला जायचंय. पर विमान सगळं आपलं पायजे. मारुंजीकडच्या पाव्हण्यानं पोराची वरात हेलिकॉप्टरातनं काढली. हेलिकॉप्टरच्या वर काय उडतं?"

मी समजावायला घेतलं. भाडं तासावर, चाक हललं की मीटर सुरू. "जेसीबीचंच की." विमान मुंबईहून पुण्याला रिकामं येणार, त्या फेरीचे पैसेही आपल्याकडूनच. "आमचं मशिनबी ट्रेलरवर घालून न्यावं लागतं, त्याचं भाडं पार्टीच देती." दुसऱ्या देशावरून उडायचं तर त्याची परवानगी काढावी लागते म्हटल्यावर तर ते खुललेच. "दुसऱ्याच्या वावरातनं गाडी घालायची तर इचारावंच लागतं."

२०२५च्या एप्रिलात पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, मग आपणही त्यांना केलं, तेही मी सांगितलं. आपली वाट समुद्रावरून आणि ओमानवरून, त्यामुळे काळजी नाही. पण अण्णा गंभीर झाले. "बांधाचं भांडण हाय त्ये. तलाठी बदलला तरी मिटत न्हाय." परराष्ट्र धोरणाचा इतका आटोपशीर आढावा मी वर्तमानपत्रात वाचलेला नाही.

गाडी अडली ती सीटांवर. आम्ही बघत होतो त्या विमानात आठ सीट, आणि अण्णांची पोरं बावीस. "स्कॉर्पिओत चौदा बसत्यात," ते म्हणाले. त्यात कंपनीने प्रत्येक माणसाचं आणि बॅगेचं वजन मागितलं. लहान विमानाचा तोल त्यावरच ठरतो. अण्णांनी भुसार दुकानातला काटा आणवला. वहिनी त्यावर पाय ठेवेनात. "मी काय कांद्याची गोणी हाय?" अण्णा स्वतः चढले आणि काट्यावरूनच विचारलं, "साखळीसकट सांगायचं का बिगरसाखळीचं?"

व्हिसा लागतो हे ऐकून मात्र ते खरंच दुखावले. विमान आपलं, मग व्हिसा कसला!

मग पूजेचा विषय निघाला. पुढच्या चाकाखाली लिंबू, पंखाखाली नारळ. विमानतळावर करवंटीची कपचीसुद्धा पडून चालत नाही, इंजिन ती आत ओढून घेतं, असं मी म्हणालो. "आमचं मशिन असलं कायबी खात न्हाय," अण्णा म्हणाले. विमान त्यांच्या मनातून तेव्हाच थोडं उतरलं असावं.

"बरं, नारळ ऱ्हाऊ दे. शिडीवर एक फोटो."

"लोहगाव हवाई दलाचं आहे, अण्णा. तिथे फोटोला मनाई."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. साखळी बोटाभोवती गुंडाळत राहिले. चौकातले फ्लेक्स आदल्या रात्रीच लागले होते: काळा गॉगल, हात जोडलेले अण्णा, मागे भलंमोठं विमान (चार इंजिनांचं, पाचशे माणसांचं) आणि 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. खाली बावीस पोरांचे चेहरे, एकाच्याही खिशात पासपोर्ट नाही.

मुंबईहून जाऊ म्हणाले. तिथे गर्दीच्या तासांत खासगी विमानांना वाव नाही. आम्हाला मिळत होती ती वेळ मध्यरात्रीनंतरची.

"अंधारात कोन बघणार?" अण्णा उठले. "ऱ्हाऊ दे मग."

चार दिवस ते गावात दिसले नाहीत. फॉर्च्युनरवर ताडपत्री, पुढचं दार बंद. तिसऱ्या दिवशी शेजारच्या चहावाल्याने उधारीसाठी माझ्यासमोरच त्यांना स्पीकरवर फोन लावला.

"आरं, दुबईत हाय मी. लई उकडतंय हितं."

मागे म्हैस रेकली. चांगली लांब, सुरात.

चहावाला माझ्याकडे बघायला लागला. "अण्णा, दुबईत म्हैस?"

पलीकडे क्षणभर शांतता.

"शेखची हाय."