काकांचं डोकं कुठे गेलं?

फोनमध्ये हजारो फोटो असलेल्या घराच्या भिंतीवर एकही फोटो नसतो. मग आजोबांच्या पंच्याहत्तरीला जाग येते आणि शोध सुरू होतो: छापायचे कुठे? ऑनलाइन कंपनी स्वस्त, पण कुरिअरचा खर्च फोटोंपेक्षा जास्त. स्टुडिओवाला न विचारताच आजीला गोरी करून देतो. उरतो कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. तो म्हणतो, "व्हॉट्सॲप करा ना!" आपण करतो. व्हॉट्सॲप आधी फोटो पिळून काढतं आणि आपण त्या चोथ्याचं बारा बाय अठराचं पोस्टर मागवतो.

त्यातून फोनचा फोटो बहुधा ४:३ मापाचा आणि दुकानातला कागद चार बाय सहा, म्हणजे ३:२. कागद पूर्ण भरायचा तर फोटोचा नववा भाग कापावाच लागतो. मशीनला नाती कळत नाहीत. ते मागच्या रांगेतले उंच काका कापतं. (काही घरांत याबद्दल तक्रार नसते.)

तेव्हा दुकान कुठलंही निवडा. मूळ फाइल पेनड्राइव्हवर न्या आणि न कापता छापायला सांगा. कडेला पांढरी पट्टी येईल, येऊ द्या.