एकट्याची वरात

नाशिकात सायकलचं खूळ डॉक्टरांनी पसरवलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी आळीपाळीने पायडल मारत ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण ४८०० किलोमीटर, तेही नऊ दिवसांच्या आत. असा पराक्रम करणारा हा पहिला भारतीय संघ. तेव्हापासून गंगापूर रोडच्या दवाखान्यांत जायची सोय राहिली नाही. पूर्वी बीपी मोजून झालं की मीठ कमी करा म्हणायचे, आता ‘सायकल कोणती?’ म्हणतात.

पुढे २०१७ मध्ये तीच शर्यत दोघा भारतीयांनी एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत मारली. एक लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ, दुसरे नागपूरचे अमित समर्थ. दोघेही, सांगायला नकोच, डॉक्टर.

या शर्यतीची गंमत अशी की घड्याळ थांबतच नाही. ‘टूर द फ्रान्स’वाले संध्याकाळी हॉटेलात जाऊन मालिश करून घेतात आणि झोपतात. इथे झोपलात तर तो वेळ तुमच्याच खात्यातून वजा. मग लोक तासा-दोन तासांच्या झोपेवर दिवसच्या दिवस काढतात. काहींना रस्त्यात नसलेले प्राणी दिसू लागतात, काहींची मान जी खाली जाते ती वर येत नाही. १९८३ च्या शर्यतीत मायकल शर्मर या गड्याची मान अशी लोळागोळा झाली, आणि त्या दुखण्याला कायमचं त्याचं नाव चिकटलं. माणसाच्या नावाने रस्ते असतात, चौक असतात. याच्या नावाने मान आहे.

पण मला खरं कौतुक वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. एकट्याची म्हणवणारी ही शर्यत मुळीच एकट्याची नसते. रात्री सायकलच्या मागे दिवे लावून गाडी असावीच लागते. गाडीतली माणसं तुम्ही काय खायचं, किती प्यायचं, कधी झोपायचं ते ठरवतात. पायडल तेवढं तुमचं. नवरदेवाला वरातीत जेवढं स्वातंत्र्य असतं, तेवढंच.

हे सगळं माहीत असूनही आपण तरी खरोखर एकट्याने जाऊन यावं, असं माझ्या मनात आलं. शर्यत वगैरे नाही. श्रावणातला आडवार धरायचा, त्र्यंबक रोडने निघायचं, अंजनेरी मागे टाकून पेगलवाडी फाट्याला वळायचं आणि पहिन्याच्या बाजूच्या चिखलवाटांवर जाड टायरची सायकल मनसोक्त लोळवायची. रविवार टाळला, कारण रविवारी पहिन्याच्या धबधब्यांखाली पाण्यापेक्षा माणसंच जास्त पडतात.

एकट्याने जाणार म्हटल्यावर घर कामाला लागलं. आईने दशम्या बांधल्या. शेजारच्या काकांनी गाडी घेऊन मागून येतो म्हटलं. गाडीला दिवेही आहेत, हे वर सांगितलं. बायकोने माझ्या मोबाइलमधून स्वतःला माझा ठावठिकाणा पाठवला आणि एवढंच म्हणाली, “टिंब हलत राहिलं पाहिजे.”

टिंब सातपूरपर्यंत छान हललं. पुढे चढ लागला. महिरावणीच्या आसपास एक मोटारसायकलवाला बराच वेळ माझ्या बाजूने चालला. “पेट्रोल संपलं का, दादा?” सायकलच आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. मग त्याने तिची किंमत विचारली.

इथे थोडं स्पष्टीकरण हवं. माउंटन बाइकला दोन किमती असतात. एक दुकानातली, एक घरातली. आमच्या सायकलिंगच्या जगात हा शिष्टाचार आहे. घरातली किंमत साधारण पोरांच्या सायकलीला शोभेल अशी असते.

पहिन्याच्या अलीकडे पाऊस असा कोसळला की चहाच्या टपरीत शिरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मालक म्हातारा, चौकस, आणि माणूस लाख मोलाचा. त्याने पुढचा सस्पेन्शन दाबून पाहिला, डिस्क ब्रेकवर बोट फिरवलं, चिखल पुसायला फडकं दिलं. अशा रसिकासमोर खोटं बोलवेना. दुकानातली किंमत सांगितली.

तेवढ्यात बायकोचा फोन. टिंब थांबलं होतं. माझे हात दशमीने माखलेले, म्हणून म्हाताऱ्यानेच फोन उचलून स्पीकरवर टाकला.

“ताई, मी टपरीवाला बोलतो. काही काळजी करू नका. साहेब हितंच हायेत, चहा पितायत. सायकल पण आत घेतलीय मी. सव्वा लाखाची वस्तू, पावसात कशी ठेवायची?”

पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग अतिशय मऊ आवाजात ती म्हणाली, “बाबा, त्यांना म्हणावं, सावकाश या. आज घाई करूच नका.”