पावसाचे वीस रुपये, अधिक जीएसटी

कोथिंबिरीची जुडी १५ रुपये. पाऊस २० रुपये. पावसावर जीएसटी ३ रुपये ६० पैसे.

बिलातल्या बाकीच्या ओळींचे आता काही वाटेनासे झाले आहे. हँडलिंग चार्ज म्हणजे त्यांनी जुडी हातात धरल्याचे पैसे. प्लॅटफॉर्म फी म्हणजे आपण त्यांचे ॲप उघडल्याचे पैसे. स्मॉल कार्ट फी म्हणजे कोथिंबीर हवी असताना नुसती कोथिंबीरच मागितली, जोडीला चॉकलेट आणि फरशी पुसायचे औषध घेतले नाही, याचा दंड. या तिन्हींना निदान माणसाचा हात लागलेला आहे. पाऊस मात्र कंपनीने पाडलेला नाही, आणलेला नाही, साठवलेला नाही, आणि माझ्या दारापर्यंत तर पोचवलेला नाहीच. त्या वेळी माझ्या गॅलरीत लख्ख ऊन होते आणि चादरी वाळत होत्या.

म्हणून कस्टमर केअरच्या चॅटवर विचारले, पाऊस कुठे आहे?

उत्तर आले, ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. पावसाळी परिस्थितीत आमच्या डिलिव्हरी पार्टनरच्या सुरक्षिततेसाठी अल्प शुल्क आकारले जाते.’

मी विचारले, किती पाऊस?

‘आपला प्रश्न आम्हाला समजला आहे.’

किती मिलिमीटर?

‘आपले समाधान झाले का? या संभाषणाला किती तारे द्याल?’

तारे दिले असते, पण ढगाळ हवामान असल्याचे नुकतेच कळले होते.

प्रश्न साधा होता. हवामानशास्त्रात पावसाला मोजमाप आहे. २४ तासांत २.५ मिलिमीटर पडला तरच तो दिवस पावसाचा धरतात, त्याखालच्या शिंतोड्यांना कोणी विचारत नाही. ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अतिजोरदार. शाळेतल्या पोराला पर्जन्यमापकाचे चित्र काढून नावे द्यावी लागतात, त्याचे दोन मार्क असतात. फोन हातात असेल तर उपग्रहाचे चित्र आपल्यालाही दिसते. मग कंपनीचा पाऊस कितीला सुरू होतो? एका थेंबाला? ढगाला? की घराघरांतून एकाच वेळी भज्यांच्या पिठाच्या ऑर्डरी येऊ लागल्या, की तोच पाऊस? मला तर हे शेवटचेच खरे वाटते. आभाळाकडे बघून पाऊस ओळखण्याचे दिवस गेले. आता गिऱ्हाइकाला घराबाहेर पडायचा कंटाळा किती आलाय ते मोजायचे आणि त्या आकड्याला पाऊस म्हणायचे.

आपल्या पंचांगकर्त्यांनी हे काम जास्त इमानाने केले होते. मृगाचे वाहन बेडूक, आर्द्राचे म्हैस, कधी मोर, कधी उंदीर, कधी कोल्हा, दरवर्षी वेगळे. आणि त्या वाहनावरून यंदा पाऊस किती हे सांगायचे. चुकायचे, पण त्यासाठी २० रुपये मागायचे नाहीत. यापुढे पंचांगात सगळ्याच नक्षत्रांचे वाहन स्कूटर असे छापावे, म्हणजे घोळ मिटेल. आणि एकदा पावसाचे दुकान चालले की कंपनी पावसावर थांबेल असे समजू नका. मृग कोरडा गेला तर उकाडा शुल्क. आर्द्रा बरसल्या तर पाऊस शुल्क. आषाढात वारा सुटला तर वारा शुल्क, श्रावणात ऊन आणि पाऊस दोन्ही एकदम आले तर दोन्ही शुल्के आणि वर इंद्रधनुष्य दिसल्यास प्रीमियम अनुभव शुल्क. पितृपंधरवड्यात कावळा शुल्क, कारण घास शिवायला तो वेळेवर आला नाही तर आमच्या पार्टनरला दारात थांबावे लागते. हस्ताचा पाऊस पडला तर हत्ती शुल्क. ऑक्टोबरमध्ये ऑक्टोबर शुल्क, त्याला कारणच नको, उकाडा सगळ्यांना माहीत आहे. दिवाळीत पाऊस पडला तर अवकाळी शुल्क, न पडला तर दिवाळी शुल्क. थंडी पडली की पार्टनरचे हात गारठतात, म्हणून गारठा शुल्क. थंडी पडलीच नाही तर हवामानबदल शुल्क, त्यातून कंपनी एक झाड लावील आणि त्या झाडाला घातलेल्या पाण्याचा फोटो आपल्याला पाठवील. पुढे दुष्काळ पडेल. तेव्हा तर खरी मजा आहे, कारण दुष्काळात पाऊस शुल्क लावता येत नाही, हे कंपनीचे थेट नुकसान. त्याच्या भरपाईसाठी गिऱ्हाइकांची पैसेवारी काढावी लागेल. ज्या पिनकोडची पैसेवारी ५० पैशांच्या आत, तो पिनकोड कंपनीच्या दृष्टीने दुष्काळग्रस्त. तिथून दुष्काळ शुल्क.

हसू नका. पावसावर जीएसटी लागेल असेही कोणाला वाटले नव्हते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ॲपवरून होणाऱ्या घरपोच डिलिव्हरीच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी आहे. डिलिव्हरीच्या नावाने जे जे लावाल, त्यावर तो बसतो, म्हणून पाऊसही त्यात आला. त्याच दिवशी पाकीटबंद पनीर शून्य टक्क्यावर गेले, पोळी-पराठा शून्यावर गेला आणि एअर कंडिशनर २८ वरून १८ वर उतरला. म्हणजे या देशात आज पाऊस आणि एअर कंडिशनर एकाच टप्प्यात आहेत. दोन्ही गारवा देतात, हे कर ठरवणाऱ्यांच्या लक्षात आले असावे. फरक इतकाच, की एअर कंडिशनरला वॉरंटी असते, आणि तो गार करत नसेल तर माणूस बघायला येतो.

खरी गंमत पैसे भरल्यानंतर. पाऊस शुल्क कापले गेले की पडद्यावर रेनकोटातला एक हसरा मुलगा उगवतो आणि खाली लिहिलेले असते, ‘तुमच्यासाठी तो भर पावसात निघाला आहे. त्याला टिप देणार?’ समोर २०, ३०, ५० ची बटणे.

थांबा. तो पावसात निघालाय म्हणून तर आत्ता २० रुपये घेतलेत. मग ते कोणाला दिलेत? त्यालाच दिले असतील तर त्याच कामाची, त्याच पावसाची दुसरी वर्गणी माझ्याकडे कशाला मागता? आणि त्याला दिले नसतील तर पावसात भिजले कोण? लेखा विभाग? २० रुपयांतले किती त्या पोराच्या खात्यात गेले, हे बिलावर एका ओळीत छापता येते. ज्यांना माझी कोथिंबीर सध्या कोणत्या चौकात आहे हे नकाशावर सेकंदासेकंदाला दाखवता येते, त्यांना २० रुपये कोणत्या खिशात आहेत हे दाखवायला काय अडचण आहे? माझी जुडी हलताना दिसते, माझे पैसे हलताना दिसत नाहीत. आणि पाऊस आहे म्हणून उशीर होईल, हेही वर सांगतात. म्हणजे पावसाचे पैसे देऊन मी पावसाचा उशीर विकत घेतला. त्या मुलाची काळजी एवढी असेल तर पावसाच्या दिवशी ‘दहा मिनिटांत’ हा घोष बंद ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत.

इथवर मी थट्टेत होतो. आता नाही.

याच महाराष्ट्रात पावसाने खरोखर बुडालेला माणूस राहतो. त्याच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी उभे असते. त्याला पाऊस सिद्ध करावा लागतो. त्याच्या महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली, तर ती अतिवृष्टी. यंत्र मंडळाच्या गावाला, शेत चार कोसांवर. यंत्रावर ६३ पडला आणि शेतावर आभाळ फाटले, तर कागदावर आभाळ शाबूत. मग पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर येणार, चिखलात उभे राहून फोटो काढणार, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर भरले तरच पुढची बात. ३० टक्के भरले तर ते नुकसान नव्हे, तो नुसता अनुभव. पीकविम्यात स्थानिक आपत्तीचा दावा करायचा तर ७२ तासांत कळवावे लागे, तेही ॲपवर, शेताचा फोटो टाकून, रेंज नसलेल्या शिवारातून. २०२५ च्या खरिपापासून राज्याने ती कटकटच काढून टाकली. आता पीककापणी प्रयोगात जे उत्पन्न निघेल तेच बोलणार. आणि सगळे कागद जुळले, खाते आधारशी जोडलेले निघाले, यादीत नाव नीट छापले गेले, तर आपत्ती निधीचा दर जिरायती पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये. गुंठ्यावर आणले तर साधारण ८६ रुपये होतात. माझ्या बिलातला पाऊस करासह २३ रुपये ६० पैशांचा होता. अशा चार ऑर्डरींच्या पावसात एका गुंठ्याचे बुडालेले पीक भरून निघते आणि वर चहाला पैसे उरतात.

एकाला पावसाचा पुरावा द्यावा लागतो, कारण त्याला पैसे घ्यायचे आहेत. दुसऱ्यालाही पैसेच घ्यायचे आहेत, पण त्याला पुरावा कोणी मागत नाही. पहिल्याला यंत्र, नोंद, पंचनामा, टक्केवारी, मुदत. दुसऱ्याला एक बटण. पहिला शेतकरी आहे म्हणून त्याच्यावर संशय, दुसरा ॲप आहे म्हणून त्याच्यावर श्रद्धा. ६३ मिलिमीटरला ‘नियमात बसत नाही’ म्हणणारी आपली सगळी कडक शिस्त शून्य मिलिमीटरच्या पावसावर १८ टक्के कर गोळा करते आणि पावती देते.

कायदा नाही असे नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांवर मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यात १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. वस्तूची किंमत सुरुवातीला एक दाखवायची आणि पैसे भरताना एकेक शुल्क हळूच सोडत न्यायचे, हा त्यातलाच एक. न विचारता टोपलीत काहीबाही टाकणे हा आणखी एक. ‘नाही’ म्हणणाऱ्याला लाजवणे, हाही त्यात आहे; टिपेच्या बटणाखाली बारीक अक्षरांत ‘आज नको, त्याला भिजू दे’ एवढेच लिहायचे बाकी ठेवले आहे. २०२५ च्या जूनमध्ये तर कंपन्यांना सांगण्यात आले, की तीन महिन्यांत आपापली ॲपे तपासा आणि असे काही आढळत नसल्याचे स्वतःच जाहीर करा. पोरांनी आपापले पेपर घरी नेऊन तपासावेत आणि मार्क कळवावेत, तसा हा प्रकार. नापास कोण होणार? शेतकऱ्यालाही हीच सवलत द्या ना. त्याने स्वतःच शेत बघावे, स्वतःच टक्केवारी लिहावी, स्वतःच सही करावी. बघू किती तालुके कोरडे राहतात.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही हाताशी आहे. राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचे मुख्यालय कुठे आहे ते शोधत हिंडावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे. सगळे गिऱ्हाइकाच्या बाजूचे. फक्त २३ रुपये ६० पैशांसाठी तारखांना कोण जाणार, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्या एका प्रश्नावर हा सगळा धंदा उभा आहे. शुल्क ५०० असते तर आपण भांडलो असतो. दोन रुपये असते तर त्यांना परवडले नसते. २० ही रक्कम हिशेबाने काढलेली आहे. दुखते, पण उठून जावेसे वाटत नाही. वर जो भांडायला जातो त्याला घरचेच म्हणतात, ‘जाऊ द्या हो, वीस रुपयांनी काय होतंय?’ असे लाख लोकांनी एका संध्याकाळी जाऊ दिले की २० लाख होतात, हे घरच्यांना ठाऊक नसले तरी कंपनीला पक्के ठाऊक आहे.

माझी मागणी मोठी नाही. कंपनीच्या प्रत्येक गोदामाच्या छपरावर एक पर्जन्यमापक बसवा. किती मिलिमीटरला शुल्क सुरू होते तो आकडा ॲपच्या पहिल्याच पानावर लावा, बिलाच्या तळाशी नको. तेवढा पाऊस भरला नाही तर शुल्क नाही, २.४ भरला तरी नाही. आणि लावलेल्या शुल्कातले त्या मुलाला किती गेले, ते त्याच बिलावर छापा.

हे जमत नसेल तर निदान बिलावर ‘पाऊस’ लिहू नका. ‘आम्हाला हवे होते म्हणून घेतले’ असे स्वच्छ लिहा. त्यावर १८ टक्के भरायला माझी ना नाही.