नाद, नाईट आणि नारळ

मागे आमच्या भाच्याने नोकरी सोडली. काढलं नाही, सोडली. हे तो प्रत्येकाला दोनदा सांगतो, त्यामुळे उगीच शंका येते. कारण विचारलं तर म्हणाला, “मामा, पॅशन फॉलो करायचं ठरवलंय.” शेजारी त्याचे आजोबा बसले होते. वय ८६, ऐकू कमी येतं. ते म्हणाले, “पॅशन चांगली गाडी आहे. पण तिच्या मागे कशाला फिरतोस? घेऊन टाक. अ‍ॅव्हरेज बरं देते.”

हसण्यावारी गेलं, पण घोळ खरोखर शब्दाचाच आहे. पॅशनला मराठीत शब्द नाही असं नाही. नाद. कुस्तीचा नाद, तमाशाचा नाद, बैलगाड्याचा नाद, नाटकाचा नाद. ‘नादाला लागला’ म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारतो, ‘मग जमीन किती गेली?’ कोल्हापूरकरांनी ‘नाद खुळा’ म्हणून त्याला जरा बरे दिवस दाखवले, पण त्यातही खुळा आहेच. विम्याच्या कागदावर खाली बारीक अक्षरं असतात ना, तसा पूर्वजांनी सगळा धोका शब्दातच लिहून ठेवला होता. पॅशन आली आणि बारीक अक्षरं तेवढी पुसली गेली.

ती पुसायला हल्ली माणसं मिळतात. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एक वक्ता येतो. आवडीचं काम शोधा, मग जन्मात काम केल्यासारखं वाटणार नाही, असं पाऊण तास सांगतो आणि एसी गाडीत बसून पाकीट घेऊन जातो. त्याला स्वतःला कशाची आवड आहे ते कळत नाही. इतरांच्या आवडीवर मात्र त्याचं छान चाललेलं असतं.

त्याचं पहिलं ठरलेलं उदाहरण म्हणजे दादासाहेब फाळके. सगळं पणाला लावलं, म्हणतो. लावलं, शंकाच नाही. चालता छपाईचा धंदा सोडला, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, १९१२ साली लंडन गाठलं, आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लावला. पण पणाला लागलेल्या मालाची यादी जरा नीट वाचा. त्यात सरस्वतीबाईंचे दागिने आहेत. शिवाय सगळ्या लवाजम्याचा स्वयंपाक सरस्वतीबाईंनी केला आणि रात्री फिल्मला भोकं पाडायचं कामही त्याच करत. नाद एकाचा, दागिने दुसऱ्याचे! यशोगाथेत नवऱ्याला पान मिळतं आणि दागिन्यांना ओळ. फाळके १९४४ साली नाशिकला वारले, तेव्हा फार कुणाला ते आठवतही नव्हते. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार १९६९ साली सुरू झाला. पंचवीस वर्षं म्हणजे सरकारी हिशेबात वेळेवरच म्हणायचं.

या चित्रपटातला माझा लाडका माणूस मात्र वेगळाच आहे. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. पोटासाठी नाचणाऱ्या बायकांनीसुद्धा नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा एक सडपातळ पोरगा फाळक्यांच्या नजरेस पडला, अण्णा साळुंके. पगार महिना १० रुपये. फाळक्यांनी १५ देऊ केले आणि अण्णा आले. भारतीय पडद्यावरची पहिली नायिका कलेच्या ओढीने नव्हे, पाच रुपये वाढ मिळते म्हणून आली, हे कुठलाही वक्ता सांगत नाही. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये याच अण्णांनी राम केला आणि सीताही केली. दोन्ही एकाच चित्रपटात. पुढे कॅमेराही चालवायला शिकले. आवड आधी शोधायची आणि मग पैसा, की आधी पाच रुपये घ्यायचे आणि आवड मागून सावकाश येऊ द्यायची, यावर अण्णांचं भाषण ठेवायला हवं होतं कुणीतरी.

दुसरं ठरलेलं उदाहरण डॉ. श्रीराम लागूंचं. हे भाच्याला पाठ आहे. चाळिशी उलटल्यावर, १९६९ साली, त्यांनी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं. मोठीच गोष्ट आहे. पण भाच्याने वाचलं ते ‘सोडली’ एवढंच. त्याच्या आधी कॅनडा आणि इंग्लंडमधलं शिक्षण झालं होतं, टांझानियात डॉक्टरी झाली होती, पुण्यात नाव झालं होतं, आणि नाटक तर कॉलेजपासून चालूच होतं. सोडायला आधी हातात काहीतरी धरलेलं असावं लागतं. भाच्याच्या हातात चौदा महिन्यांचा अनुभव होता आणि एक लॅपटॉप. तोही कंपनीने परत मागितला.

लागूंच्या वाट्याला लगेच पुढच्या वर्षी ‘नटसम्राट’ आला. नाटकावर जगलेला, मान आणि पैसा दोन्ही कमावलेला आणि शेवटी डोक्यावर छप्पर न उरलेला नट. लोक हुंदके देऊन रडत. वडिलांचे बँकेतले एक मित्र तेवढे मध्यंतरात कोरड्या डोळ्यांनी बटाटेवडा खात म्हणाले होते, “याने पोरांच्या नावावर करायला नको होतं. मुदत ठेवीत टाकायचं.”

हसू नका बँकवाल्यांना. लागूंनी प्रॅक्टिस सोडली त्याच साली, १९ जुलैला, देशातल्या चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. रंगभूमीच्या इतिहासात पहिली घटना नोंदवली जाते, दुसरी नाही, आणि हा सरळसरळ अन्याय आहे. संस्थानिक गेल्यावर मराठी कलेला पोसलं कुणी? नाट्यवेड्या शेठजींनी नाही, रसिक मायबापांनीही नाही. पोसलं ते हजेरीपुस्तकाने. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात. वसंतराव देशपांड्यांनी वर्षानुवर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये आकडे मांडले. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. अरुण कोलटकरांचं पोट जाहिरातींवर होतं. ‘महानिर्वाण’ लिहिणारे सतीश आळेकर बी. जे. मेडिकलच्या जीवरसायनशास्त्र विभागात होते आणि ‘घाशीराम’मधले नाना फडणवीस मानसोपचारतज्ज्ञ होते. मला तर वाटतं, नानाला बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवावं लागू नये म्हणूनच ही सोय केली असावी.

साडेपाचला टेबलाच्या खणाला कुलूप, पावणेसहाची लोकल, साडेसहाला दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात तालीम. पैसे नाहीत, चहा आहे. व्यावसायिक नाटकात नटाला प्रत्येक प्रयोगाचे पैसे मिळतात, त्याला ‘नाईट’ म्हणतात, प्रयोग सकाळी अकराचा असला तरी नाईटच. छबिलदासमध्ये नाईट खरोखरीची असायची, शेवटची गाडी चुकली की फलाटावर काढलेली. पण या मंडळींपाशी एक ऐश्वर्य होतं जे आज कुणापाशी नाही. त्यांना पडणारं नाटक करता यायचं. प्रेक्षक आठ आले तरी एक तारखेला पगार होताच, त्यामुळे नववा प्रेक्षक यावा म्हणून नाटकात विनोदी नोकर घालावा लागत नसे. पोट एका खिडकीवर आणि नाद दुसऱ्या खिडकीवर, आणि दोन्ही खिडक्यांवरचे कारकून एकमेकांना ओळखत नाहीत, अशी ती व्यवस्था.

यात बळी गेले नाहीत असं नाही. ‘रिटायर झाल्यावर करीन’ म्हणून कित्येकांनी पेटी खोळीत घालून माळ्यावर ठेवली. रिटायर झाल्यावर काढली तेव्हा आधी भात्याला भोक पडलेलं, आणि बसलं की मांडी दुखते. आमच्याच घरातली गोष्ट आहे, पुढे नको.

इथपर्यंत मी भाच्याला ऐकवलं आणि म्हटलं, “तेव्हा बँकेची परीक्षा दे.” तो शांतपणे म्हणाला, “मामा, साडेपाचला कुलूप लावायची नोकरी दाखव, उद्या जातो.”

हे माझ्या तिरकसपणाच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्याच्या कंपनीत रात्री दहाला अमेरिका जागी व्हायची, त्यामुळे मीटिंग दहाला. सकाळी नऊला भारत जागा व्हायचा, त्यामुळे मीटिंग नऊलाही. आमच्या वेळी नाद रात्री-बेरात्री बोलवायचा आणि नोकरी गप्प झोपू द्यायची. आता नोकरीच नादासारखी वागते आणि वर प्रेमही मागते. जाहिराती वाचा. ‘पॅशनेट अकाउंटंट हवा.’ ‘ग्राहकसेवेची मनापासून ओढ असलेले डिलिव्हरी पार्टनर हवेत.’ जिथे पगाराचा आकडा लिहायचा राहिलेला असतो, नेमकी तिथे पॅशन लिहिलेली असते. आमच्या साहेबाने मला आयुष्यात काही विचारलं नाही, फाइल कुठे आहे एवढं सोडून. त्या माणसाचे उपकार मला आत्ता कळताहेत.

बाकी नोकरी सोडायची तर शेती करावी, हा सध्याचा वर्तमानपत्री मार्ग आहे. ‘आयटीतली नोकरी सोडून फुलवली ड्रॅगन फ्रूटची बाग’ ही बातमी फोटोसकट छापून येते. ‘बापजाद्यांपासून बाग आहे, नोकरी मिळत नाही’ ही बातमी नसते, कारण ती रोज घडते. लग्नाच्या बाजारात तर सूत्र ठरलेलं आहे: मुलाच्या नावावर शेती हवी, पण मुलगा शेतात नको. पॅशन म्हणून नांगर धरणाऱ्याला टाळ्या, आणि पोटासाठी धरणाऱ्याला मुलगी नाही.

असो. भाच्याची पॅशन फोटोग्राफी, त्यातून पक्ष्यांची. पक्षी पैसे देत नाहीत हे त्याला दुसऱ्या महिन्यात कळलं. मग त्याला निमंत्रणं येऊ लागली ती मानधनाची. मानधन हा मोठा लबाड समास आहे. मान जागच्या जागी मिळतो, धन मागून येतं म्हणतात. मलाही एका व्याख्यानमालेने असंच बोलावलं होतं. शाल दिली, श्रीफळ दिलं, पाकीट ‘पाठवतो’ म्हणाले. नोकरीवरून काढतात त्यालाही आपण नारळ देणं म्हणतो आणि सत्कार करतात तेव्हाही नारळच देतात. मराठीने हा घोळ मुद्दाम ठेवला असणार, म्हणजे घेणाऱ्याला घरी पोचेपर्यंत नक्की काय झालं ते कळत नाही. कामवाल्या बाई विचारतात, “दादा, हा फोडायचा का?”

तिसऱ्या महिन्यात भाचा लग्नांवर आला. आता तो तळ्याकाठी उकिडवा बसून खंड्याची वाट बघत नाही, स्टेजसमोर उकिडवा बसून मुलाच्या आत्याची वाट बघतो, कारण त्यांच्याशिवाय ग्रुप फोटो काढायचा नाही अशी ताकीद असते. खंड्या निदान ‘साहेब, शेवटचं किती होईल’ विचारत नव्हता. नवरीला तळ्यात पाय सोडून बसलेलं हवं, नवऱ्याला ड्रोन हवा, आणि वधूपित्याला हे सगळं मागच्या लग्नातल्या फोटोग्राफरच्या भावात हवं. एका सीझनमध्ये पोराने बरे पैसे मिळवले. मी विचारलं, “मग, पक्षी?” म्हणाला, “मामा, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा हातात घेववत नाही रे.”

तरी जानेवारीत त्याला ओढून भिगवणला नेलं. उजनीच्या फुगवट्यात थंडीत फ्लेमिंगो उतरतात. आपल्याकडे त्यांना रोहित म्हणतात, पण रोहित बघायला चाललोय म्हटलं की लोक क्रिकेटचं तिकीट कुठे मिळालं विचारतात. पहाटे होडीत आम्ही दोघं आणि एक बँकेतले अधिकारी. अधिकाऱ्यांच्या मांडीवर तोफेएवढी लेन्स. भाच्याने हळूच किंमत विचारली आणि मग बराच वेळ पाण्याकडे बघत बसला. पक्ष्यांवर पोट भरू पाहणाऱ्याकडे होती ती जुनी, ओरखडे पडलेली, आणि ज्याला पक्ष्यांकडून एक छदाम नको होता त्याच्याकडे तोफ.

नावाडी आधी मासेमारी करायचा, आता सीझनमध्ये पाहुणे फिरवतो. त्याला पक्ष्यांची मराठी, इंग्रजी दोन्ही नावं येतात, उजेड कुठून हवा ते कळतं, इंजिन कधी बंद करायचं ते सांगावं लागत नाही. पक्षी बिचकू नयेत म्हणून बांबूने होडी रेटत तो अधिकाऱ्यांना म्हणाला, “साहेब, आता घ्या, मान वर करंल.” पक्ष्याने मान वर केली. अधिकारी भारावून म्हणाले, “तुम्ही भाग्यवान हो. आवड आणि काम एकच!”

“आवड व्हय?” तो म्हणाला. “मला कुस्तीची हाय. पुढच्या हप्त्यात जत्रा हाय गावाकडं, आठ दिस होडी बंद.”

“अहो, ऐन सीझनमध्ये?” अधिकारी दचकले. “मी पुन्हा यायचं म्हणतोय. आणि फ्लेमिंगो?”

“थांबत्यात की,” तो म्हणाला आणि होडी वळवली.