अर्ज नामंजूर

आमच्या सोसायटीत कुणाच्या मनात कुत्रा पाळायचं आलं की आधी भूभूकाकांची पायरी चढावी लागते. तसा नियम नाही. पण न विचारता आणलात, तर तो कुत्रा असेपर्यंत लिफ्टमध्ये ऐकून घ्यावं लागतं. 'भूभूकाका' हे नाव पोरांनी ठेवलंय. काकांचा जन्म गेला बँकेच्या कर्ज विभागात, आणि निवृत्त झाले तरी समोर अर्जदार नसला की त्यांना अन्न गोड लागत नाही.

परवा दुसऱ्या मजल्यावरचं तरुण जोडपं आलं. मुलाने मोबाइलवर निळ्या डोळ्यांचं हस्कीचं पिल्लू पुढे केलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणजे फोटो बघायचा नाही, हे ठरलेलं.

"याला काम काय देणार?"

"काम?"

"सैबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फात गाडी ओढायला तयार केलेली जात आहे ही. १९२५ साली अलास्कात नोम गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा अशाच कुत्र्यांच्या टोळ्यांनी हजारावर किलोमीटर औषध ओढत नेलं. तुम्ही काय ओढायला लावणार? स्कूटर? आणि अंगावर केसांचे दोन थर. एप्रिलमध्ये दिवसभर एसी लावाल?"

मुलगी चाचरत म्हणाली, "मग लॅब्रॅडॉर?"

"न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर गारठलेल्या पाण्यात उड्या मारणाऱ्या कुत्र्यांचा वंश. आजही बोटांमध्ये पडदे असतात. आपल्याकडे पाणी कुठलं? टँकरचं! पोळ्या खाऊन फुगेल, मग खुब्याचे सांधे जातील."

"पग लहान असतो..."

"नाक दाखवा त्याचं. आहे कुठे? माणसाने हौसेपायी चेहरा चपटा केला, त्याला बसल्या जागी धाप लागते, आणि आपण म्हणतो गोंडस!"

डाशहुंडचाही निकाल लागला. जर्मनांनी त्याला बॅजरच्या बिळात शिरायला लांबुडका केला; जिने चढउतार केले की त्याचा मणका धरतो, आणि आमची लिफ्ट तर सदाचीच आजारी.

डोबरमन म्हटल्यावर मात्र काकांचा आवाज मऊ झाला. जर्मनीतल्या अपोल्डा गावच्या लुई डोबरमनने ही जात घडवली, आणि तो करवसुली करायचा. "वसुलीला जाणाऱ्याच्या जिवाला काय धोका असतो, ते तुम्हाला नाही कळायचं," काका म्हणाले. कुणा जुन्या थकबाकीदाराची आठवण आली असावी. पण अर्ज तोही पुढे सरकला नाही.

मी मध्ये तोंड घातलं, "देशी घ्या की. मुधोळ हाउंड!"

काका ताठ बसले. "आपल्याकडे कारवानी म्हणतात. मुधोळच्या घोरपड्यांनी नावारूपाला आणलेली जात, २००५ साली टपाल तिकिटावर झळकली. पण ससा दिसला की वाऱ्यासारखा सुटणार. आपल्या पार्किंगमध्ये रान आहे का?"

मग शेवटचा प्रश्न आला. "दुपारी घरी कोण असतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघंही हिंजवडीला.

"नामंजूर," काका म्हणाले आणि चष्मा नाकावर आणला.

चहाचे कप ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, "यांच्याकडे तरी कुठे आहे कुत्रा? चौथा मजला, गुडघे गेलेले, दुपारी तीन तास झोप. स्वतःचाच अर्ज यांनी दोनदा फेटाळलाय!"

काका हसले नाहीत. कर्ज विभागात नातेवाईक बघायचे नसतात.

लोक त्यांना खडूस म्हणतात. म्हणोत. पण शेजारच्या सोसायटीत एक हस्की भर मे महिन्यात बाल्कनीत साखळीला बांधलेला असतो. आमच्या इमारतीत असा एकही नाही. तेव्हा तुम्हाला कुत्रा हवाच असेल तर खुशाल काकांकडे जा. जात कुठलीही सांगा. फक्त दुपारी घरी कोण असतं, याचं खरं उत्तर घेऊन जा.