रविवारचे मिस्त्री

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी डोकवा. जुनी हाफ पँट, कंपनीच्या वर्धापनदिनाला फुकट मिळालेला टी-शर्ट आणि चेहऱ्यावर सर्जनचं गांभीर्य अशा अवतारात एक गृहस्थ मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले दिसतील. हे रविवारचे मिस्त्री. पोटापाण्यासाठी ते बँकेत असतील, आयटीत असतील, नाहीतर नुकतेच निवृत्त झालेले असतील. श्रद्धा एकच, सर्व्हिस सेंटरवाले चोर आहेत. ‘पॅड बदलायला असतं काय? दोन बोल्ट!’ हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीतही ऐकवतात.

पुढचे पॅड यांनी एकदा स्वतः बदललेले असतात. तिथेच घात होतो. पुढचा पिस्टन भोळा. जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्प आवळला की मुकाट्याने आत जातो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असल्यामुळे पुष्कळांची अब्रू तेवढ्यावर वाचते. यांच्या गाडीला मात्र मागेही डिस्क असते, आणि गाडी घेतल्या दिवसापासून ते सगळ्या सोसायटीला पाठ असतं.

मागचा पिस्टन मानी. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकची यंत्रणा त्याच्याच पोटात असते. आत आट्यांचा दांडा. पॅड झिजेल तशी ही यंत्रणा आपली आपण पुढे सरकत येते. त्यामुळे पिस्टन परत पाठवायचा तर तोंडावरच्या खाचांत टूल अडकवून, दाबता दाबता फिरवावा लागतो. बहुतेक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. काही गाड्यांत एका बाजूला उलटा. नुसता जोर लावला तर तो हलत नाही, आतलं काहीतरी मोडतं एवढंच. पण मिस्त्रींचा जोरावर फार विश्वास. ते क्लॅम्पच्या दांडीला पाइप लावतात.

एव्हाना प्रेक्षक जमलेले असतात. वॉचमन हातोडी आणू का विचारतो. दुसऱ्या मजल्यावरचे काका ‘गंजलाय हो, रॉकेल सोडा’ म्हणतात. (रबराच्या सीलवर रॉकेल! पण काकांना बोलायचं कोणी?) सायकलवरचा एक पोरगा मोबाइल पुढे करतो, ‘काका, यात ते फिरवतायत.’

‘ती परदेशातली गाडी आहे, बाळा.’

पोरगा गेल्यावर मिस्त्री हळूच नोज प्लायर घेतात आणि फिरवतात. पिस्टन फिरतो. छान फिरतो. फिरतच राहतो, आत मात्र जात नाही, कारण आता ते दाबायचं विसरलेले असतात. संध्याकाळी कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधून, गाडीखाली स्टेपनी सरकवून ते वर जातात. घरात कोणी काही विचारत नाही. हा या घरांचा जुना शिरस्ता आहे.

सोमवारी हाफ डे टाकून नाना पेठ. दुकानदार पिस्टन फिरवायचं टूल काउंटरवर ठेवतो आणि पैसे मोजता मोजता विचारतो, ‘हँडब्रेक सोडलाय ना?’

मिस्त्री गप्प. गाडी जॅकवर, म्हटल्यावर हँडब्रेक ओढलेला असणारच! सुरक्षितता म्हणून तो आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही हातांनी ओढलेला असतो. आदल्या दिवशी कॅलिपर डिस्कवरून निघता निघेना आणि शेवटी वॉचमनची हातोडी आणवावीच लागली, ती का, हे त्यांना त्या काउंटरवर कळतं.

परत येऊन पुढच्या चाकांना विटा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक खाली. टूलला चार वेढे दिले की पिस्टन आज्ञाधारकपणे आत. मिस्त्री विजयी मुद्रेने उभे राहतात, तेवढ्यात पोरगा ओरडतो, ‘काका, बॉनेटमधून काहीतरी गळतंय!’ पॅड झिजले की टाकीतली ब्रेक ऑइलची पातळी खाली जाते, हे काही ऑइल संपण्याचं लक्षण नव्हे. मिस्त्रींनी मात्र मागच्याच महिन्यात टाकी काठोकाठ भरलेली. आता पिस्टनने मागे ढकललेलं ऑइल बाहेर, आणि हे ऑइल रंग खातं. काकू वरून पाण्याची बादली घेऊन धावतात. मिस्त्री फेंडरवर मगाने पाणी ओतत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, ‘सर्व्हिस सेंटरवाल्यांनी एवढं ऑइल घातलं असतं का? थेंब थेंब मोजतात, चोर लेकाचे!’