भारमर्यादा

ज्या गृहस्थाने आपल्या नोकरीची 29 वर्षे अच्छाडच्या सीमा तपासणी नाक्यावर मालट्रकांचे वजन, त्यांचे दस्तऐवज आणि चालकांचे चेहरे बारकाईने न्याहाळण्यात वेचली, ज्याने ‘कागद बोलतो, तोंड नव्हे’ हे वाक्य हजारो चालकांना मराठी, हिंदी व गुजराती या तिन्ही भाषांत सुनावले, त्याने सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्या दहा बाय बाराच्या बैठकीत मर्यादेबाहेर भार लादण्याचा गुन्हा करावा आणि मुद्देमालासह धर्मपत्नीच्या हाती सापडावे, हे मला अद्याप पचलेले नाही.

मुद्देमाल म्हणजे एक अँप्लिफायर. दर बाजूस 50 वॉटचा, आणि मागच्या बाजूस स्वच्छ अक्षरांत ‘8 ते 16 ओहम’ अशी सनद कोरलेला. त्याला 8 ओहमचे जुने दोन स्पीकर सुखाने लावलेले होते; परंतु भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आलेल्या मनुष्यास सुख आणि समाधान यांतील भेद फार तीव्रतेने जाणवू लागतो. मी लॅमिंग्टन रोडवर गेलो आणि विक्रेत्याने ‘हा ऐका खालचा स्वर’ म्हणताच 4 ओहमचे दोन थोराड स्पीकर घेऊन परतलो. जुन्यांना निवृत्ती देणे निर्दयपणाचे वाटले, म्हणून नवे त्यांच्याच तारांना समांतर जोडले. 8 आणि 4 मिळून 12, फार तर सरासरीने 6, असा माझा कारकुनी हिशेब होता. समांतर जोडणीचा हिशेब 2.67 येतो.

गेऑर्ग ओहम नावाच्या जर्मन शिक्षकाने 1827 साली जो नियम ग्रंथबद्ध केला, त्याचे मर्म खरे पाहता नाक्यावरच्या माणसास कुणी शिकविण्याची गरज नव्हती. ओहम म्हणजे अडवणूक. एकच खिडकी उघडी असेल तर रांग भिलाडपर्यंत लागते आणि रस्ता निवांत राहतो. चार खिडक्या उघडल्या की गाड्या भराभर सुटतात आणि भार पुढच्या पुलावर येतो. अडवणूक कमी तितका प्रवाह अधिक, आणि प्रवाह अधिक तितका अँप्लिफायर तापतो. माझा पूल चौथ्या दिवशी, भैरवी ऐन रंगात आली असता, करपलेल्या वासासह खचला.

“अहो, दूध उतू गेलं का?” आतून प्रश्न आला. मी हो म्हणालो. नोकरीत मी कधी खोटा शेरा मारला नव्हता.

वापीच्या दुरुस्तीवाल्याने पेटारा उलटा केला, चष्मा कपाळावर चढविला आणि म्हणाला, “साहेब, पाछळ लखेलुं तो छे.” मागे लिहिले तर आहे. एवढेच. माझी 29 वर्षे त्याने पाच शब्दांत मला परत केली.

त्याने आणखी जे सांगितले ते अधिक लागले. माझे जुने स्पीकर एका वॉटवर, एका मीटर अंतरावर, 86 डेसिबल आवाज देतात. म्हणजे आमच्या बैठकीला एक वॉट ओसंडून पुरतो. वॉट दुप्पट केले तरी वाढतात ते तीनच डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम कळतील इतके. मग उरलेले 49 वॉट मी कोणासाठी ठेवले होते? शेजाऱ्यांसाठी, हे उत्तर मला ठाऊक होते. मी ते दिले नाही.

येथे तारप्याविषयी बोलणे प्राप्त आहे, जरी विषयास ते सोडून आहे आणि ‘पुन्हा तारपा का’ असा प्रश्न घरातून येणार आहे. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, सांधे बुजविण्यास मेण आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, एवढ्या सामग्रीत आमच्या वारली पाड्यांवर ध्वनिवर्धनाचा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला आहे. नाकाने श्वास घेत घेत गालातला वारा सोडत राहिल्यामुळे वादकाचा सूर तुटत नाही. भात तयार होण्याच्या सुमारास रात्र रात्र तो वाजतो आणि हातात हात गुंफलेली माणसे त्याच्याभोवती फिरतात. पद्मश्री जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रांतून जे वलय जगभर गेले ते हेच. त्याच्या मध्यभागी, पहा, एक मनुष्य फुंकताना दिसतो, तारांची भेंडोळी कुठेही दिसत नाहीत. त्या भोपळ्यावर ओहमचा आकडा नाही. भोपळा, बांबू आणि छाती यांचा मेळ बनविणाऱ्याच्या हाताला ठाऊक असतो, आणि तो हात विकत मिळत नाही.

आमच्या चिकूच्या वाडीत काम केलेले एक म्हातारे वारली बाबा उत्तम तारपा वाजवीत. त्यांचे वादन मी फार पूर्वी कॅसेटवर घेतले होते. दुरुस्त झालेल्या अँप्लिफायरवर, जुन्याच स्पीकरांतून, मी त्यांना ते मोठ्या मानाने ऐकविले. हिने चहा आणला, नातवंडे जमली. बाबांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “साहेब, आवाज माझाच हाये. पन सगळी बसून का ऱ्हायली?”

मला उत्तर सुचले नाही. आता पाड्यावरच्या लग्नांतसुद्धा टेम्पोवर रचलेल्या डीजेच्या भिंती येतात आणि तारपा आढ्याला टांगलेला राहतो, याचा मला राग येतो. पण लॅमिंग्टन रोडवरून थोराड स्पीकर आणणाऱ्याने तो राग कोणत्या तोंडाने व्यक्त करावा? बाबा त्यानंतर दोन पावसाळे होते. कॅसेट मी जपून ठेवली आहे.

4 ओहमचे ते दोन स्पीकर सुस्थितीत असून पलंगाखाली आहेत. त्यांना पेलणारा अँप्लिफायर ज्यांच्यापाशी असेल, त्यांनी ते विनामूल्य न्यावेत. येताना मात्र अँप्लिफायरच्या मागे काय लिहिले आहे ते कागदावर उतरवून आणावे. मी तपासल्याशिवाय सोडणार नाही.